नवव्या गाण्यातला थांबा

किश्या, झालं रे! नववं गाणं झालं! काल रविवारी दुपारी, तुमच्याच घरात, समोरच्या खोलीत, पंखा बंद करून आणि खिडकीला दोन गोधड्या टांगून. शेवटचा ठोका पडला तेव्हा नाजियानं माझा दंड इतका घट्ट धरला होता, की आज सकाळी बघतो तर तिथे चक्क काळंनिळं झालंय. ऑफिसात अर्धी रजा टाकून घरी आलो आणि सवयीनं तुला फोन लावला. फोन बंद आहे म्हणून सांगणारी बाई बोलली. क्षणभर वाटलं, तिलाच सांगून टाकावं, बाई, आमचा अल्बम झाला!

तू जाऊन आज वीस दिवस झाले. त्या पाच दिवसांच्या तापाबद्दल मी काही लिहिणार नाही, ते सगळ्यांनी सगळ्यांना सांगून झालंय. हे अल्बमबद्दल आहे. नाजिया म्हणते, "सुहास, पहिल्यापासून नीट लिही. लोक गाणी ऐकतील तेव्हा सोबत हेही वाचतील." तेव्हा तुला माहीत असलेल्याच गोष्टी मी तुला पुन्हा सांगणार आहे. मुकाट्यानं ऐकून घे. एरवी तू माझं कधी ऐकलंस?

तर आपण तिघं. ड्रमवर तू, गिटार आणि कॉम्प्युटर माझ्याकडे, गायला नाजिया. जुन्या जालन्यात तिच्या मामूंचं कापडाचं गुदाम आहे, त्याच्या माडीवर दर रविवारी दुपारी आपली प्रॅक्टिस. चादरींचे गठ्ठे भिंतीला लावले की आवाज बाहेर जात नाही, हा शोध तुझा. पहिल्या रविवारी गठ्ठे नव्हते. आपण जोरात सुरू केलं आणि नेमकी त्याच वेळी गल्लीतली डीपी धाडकन जळाली. आपला काडीचा संबंध नव्हता, पण पाच तास लाइट नाही म्हटल्यावर गल्लीला कोणीतरी धरायला हवंच होतं. "ते जळक्या डीपीवाले" असं लोक म्हणायला लागले. मी महिनाभर वहीत लिहून ठेवलेली एकाहून एक भारी इंग्रजी नावं तू एका मिनिटात निकालात काढलीस.

"एकदा नाव पडलं की पडलं. जळकी डीपी. बास."

अल्बमची कल्पना मात्र माझी, हे आता तू नाकारू शकत नाहीस. माणूस आणि शिकणारं मशीन. नऊ गाणी, एकच गोष्ट. एका गावात असं एक मशीन येतं आणि गावाकडून एकेक गोष्ट शिकत जातं. बोलायला शिकतं, बाजारात भाव करायला, गाणं म्हणायला, थापा मारायला. माझ्या डोक्यात होतं की शेवटी ते मशीन सगळं गाव गिळून टाकणार. नवव्या गाण्यात आग, किंकाळ्या आणि माझा चार मिनिटांचा सोलो. तू गठ्ठ्यावर आडवा पडून हे ऐकत होतास.

"अबे इंजिनेर," तू म्हणालास, "दुश्मन कशाला करून राह्यला त्याला? वर्कशॉपात नवा मानूस आला की आपन काय करतो? चहा पाजतो, चार शिव्या देतो अन काम शिकवतो. मशीन बी शिकाऊच हाये."

हे तू बोलावंस याचं मला नवल वाटलं. तू दिवसभर लेथवर उभा राहणारा माणूस. तुमच्या वर्कशॉपात कॉम्प्युटरवर चालणारा लेथ आला तेव्हा तू पंधरा दिवस तोंड पाडून हिंडत होतास, आता आपली गरज नाही म्हणून. मग एका रविवारी हसतच जिना चढून आलास. "त्याला ऐकू येत न्हाई बे! टूल झिजलं की मपल्या कानाला आधी कळतं. मंग म्याच त्याला थांबवतो." त्या दिवशी तू असा ड्रम वाजवलास की मामू खालून चहा घेऊन वर आले. अल्बमला "शिकाऊ" हे नाव त्याच दिवशी पडलं. मशीन दुश्मन की शिकाऊ, हे आपलं भांडण मात्र मिटलं नाही. मी अजून अर्धा माझ्याच बाजूला आहे, सांगून ठेवतो.

दुसरं भांडण लयीचं. तू जन्मल्यापासून ताशाच्या आवाजात वाढलेला. तुझ्या वडिलांची, अण्णांची, बॅन्जो पार्टी. नवरदेव मांडवाजवळ आला की वाजवणारे आपोआप गती वाढवतात, ती खोड तुझ्या हातात होती. गाणं संपत आलं की तुझा मांडव जवळ यायचा! मी कॉम्प्युटरवर टिक-टिक लावून द्यायचो, तू हेडफोन कानावरून सरकवून टाकायचास. मी ओरडायचो, नाजिया हसत पाणी प्यायला जायची.

आता एक गोष्ट सांगतो, जी तू असताना सांगायची माझी हिंमत झाली नाही. रेकॉर्डिंग झाल्यावर मी घरी बसून तुझे ठोके सरळ करत होतो. आठच्या आठ गाण्यांचे. एकेक ठोका माऊसनं धरायचा आणि ओळीत नेऊन बसवायचा. तुला न विचारता. तिसरं गाणं मी तुम्हाला गुदामात ऐकवलं तेव्हा तू बराच वेळ मान हलवत ऐकलंस आणि म्हणालास, "ड्रमवाला कोन हाये हा? लई साफ वाजवतो. पन याला भूक लागत न्हाई, बराबर?" मी मोठ्यानं हसलो. मला वाटलं तू गंमत करतोयस. किश्या, तुला कळलं होतं ना रे? कळलं होतं तर एक शिवी तरी हासडायची.

मग वाटूरचं लग्न. आजही ते आठवलं की माझे पाय थिरकतात आणि दुसऱ्याच क्षणी कान लाल होतात. वाटूरच्या एका कुटुंबानं आपल्याला सुपारी दिली. बँड म्हणजे बँड, अशी त्यांची सरळ समजूत. मी नको म्हणेपर्यंत तू होकार कळवून मोकळा झाला होतास. भर दुपारी पिकअपवर जनरेटर, तुझा ड्रम, आपण तिघं आणि पुढे घोड्यावर नवरदेव. मारुतीच्या दर्शनाला परण्या, म्हणजे नवरदेवाची मिरवणूक, निघालेला. आपल्याला लग्नाचं एकही गाणं येत नव्हतं. तू म्हणालास, "चौथं घे," आणि नाजियानं बाजारात भाव करायला शिकणाऱ्या मशीनचं गाणं सुरू केलं. आणि लोक नाचले! नवरदेवाचा मामा रुमाल दातात धरून नाचला. म्हाताऱ्या नाचल्या. "अजून एकदा!" म्हणून पोरांनी पिकअपचा पत्रा बडवला. जालना जिल्ह्यात, उन्हात, रॉक म्हणजे काय हे माहीत नसलेल्या दोनशे माणसांनी आपलं गाणं उचलून धरलं होतं. मी डोळे मिटून सोलो सुरू केला. आयुष्यात इतका चांगला मी कधी वाजवला नव्हता.

आणि अचानक मला फक्त माझंच ऐकू यायला लागलं.

डोळे उघडले तर तुझ्या दोन्ही काठ्या वर. नाजिया शब्दाच्या मध्येच थांबलेली. नाचणारे खाली मान घालून चालत होते. शेजारच्या घराच्या ओट्यावर सतरंजी होती, तिच्यावर माणसं बसलेली, त्यातल्या दोघांची डोकी नुकतीच भादरलेली. आणि त्यांच्यासमोर मी एकटा गिटार वाजवत होतो. दारातली एक बाई माझ्याकडे बघत होती. रागानं नाही, नुसती बघत होती. तू वाकून माझ्या तारांवर तळहात ठेवलास.

मग फक्त टायरांचा आवाज आणि घोड्याच्या पायांतली घुंगरं. ते घर मागे पडलं, पुढचं एक पडलं, आणि कोणी काही न बोलता, न खुणावता तू ठोका दिलास. त्याच ठोक्यावर नाजियानं तोडलेल्या शब्दाचा उरलेला अर्धा भाग म्हटला. दोनशे माणसांचे पाय एकदम उचलले गेले. चुकलेला एकटा मी.

"कोणी मोजून दिलं तुम्हाला?" परतताना मी विचारलं.

"मोजायचं काय त्याच्यात?" तू म्हणालास. "दुखवट्याचं घर मागं पडलं की चालू."

"आमच्या गल्लीत पण असंच," नाजिया म्हणाली. "मयत झालेली असली की बारात आपोआप चुप होते. कोणी सांगत नाही. तुला खरंच माहीत नव्हतं?"

नव्हतं. मी नव्या जालन्यातल्या कॉलनीत वाढलेला. आमच्याकडची वरात मंगल कार्यालयाच्या गेटपासून मांडवापर्यंत, वाटेत घरच नाही. मी इतका शरमलो होतो की अंग चोरून बसलो होतो. आणि तू माझ्या पाठीत धपाटा घालून म्हणालास, "इंजिनेर, तुझ्या मशीनला हे कोन शिकवनार?"

मी पिकअपमध्ये ताडकन उभा राहिलो आणि डोकं वरच्या दांडीवर आपटलं. नववं गाणं! आग नाही, किंकाळ्या नाहीत. सगळं शिकलेलं मशीन वरातीत वाजवायला येतं, आणि एका दारापुढे सगळे गप्प होतात. जालना येईपर्यंत आपण शब्द जुळवले. तू पिकअपचा पत्रा वाजवत होतास, नाजिया म्हणत होती:

ताल शिकलो, बोल शिकलो, नाचही तुमचा आला,
या दारापुढे मात्र बाजा गप कशाला झाला?
किती वेळ गप राहू? आकडा सांगा,
सांगाल तितकं राहीन मी, आकडा सांगा.

आणि इथे सगळं थांबायचं. मशीनच्या प्रश्नाला उत्तर नाही, नुसता थांबा. मग सगळ्यांनी एकदम उठायचं. इतकी छान कल्पना, आणि तिच्यावरून आपण दोन महिने भांडलो. मी विचारायचो, थांबा किती मात्रांचा? तू म्हणायचास, घर मागं पडेपर्यंत. मी म्हणायचो, गाण्यात घर कुठे आहे? तू म्हणायचास, "असतं." मी सोळा, चोवीस, बत्तीस अशा तीन चिठ्ठ्या करून तुझ्यापुढे ठेवल्या. तू त्यांची होडी, विमान आणि पुडी केलीस. मशीनसारखाच मीही आकडा मागत बसलोय, हे मला तेव्हा दिसलंच नाही.

मग तो रविवार. तू वाजवलास. काय वाजवलास! मांडव जवळ आणलास, गती वाढवलीस, आणि या वेळी मला अडवावंसंसुद्धा वाटलं नाही. नाजियाचं "आकडा सांगा" झालं. तू थांबलास. काठ्या वर धरून, मान थोडी तिरकी करून बसलास. मी मोजायला लागलो. सोळा गेले. बत्तीस गेले. चाळीस गेल्यावर मला वाटलं, हा विसरला. मी बटण दाबून रेकॉर्डिंग बंद केलं.

तू काठ्या खाली घेतल्यास आणि हसलास. "अरे, घर अजून मागं पडलं न्हाई."

"पुढच्या रविवारी करू," मी म्हणालो. चार दिवसांनी तुला ताप आला.

त्यामुळे झालं काय, की तुझं नववं गाणं थांब्याच्या मध्यावर तुटलेलं होतं. तू थांबलेला ऐकू येतोस. पुन्हा सुरू झालेला नाहीस. आणि ते माझ्या बोटानं झालं होतं. तू गेल्यावर सहाव्या दिवशी मी काय केलं ते ऐक. एका नव्या प्रोग्रॅमला मी तुझी आठही गाणी शिकवली आणि म्हटलं, पुढचं वाजव. मला दुसरं काही सुचत नव्हतं. दहा मिनिटांत त्यानं तुझ्यासारखं वाजवून दाखवलं. अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू. पण त्याआधी त्यानं एक चौकोन पुढे केला: "शांततेची लांबी". मी सोळा टाकलं. बत्तीस टाकलं. चाळीस टाकलं. प्रत्येक वेळी ते बरोबर आकड्यावर उठायचं आणि प्रत्येक वेळी मला वाटूरच्या त्या दारातली बाई दिसायची. त्याच्याकडून ऐकताना आणखी एक कळलं. मी त्याला सरळ केलेले ठोके शिकवले होते. ते तू नव्हतासच. तो तुझा भूक न लागणारा ड्रमवाला होता.

नवव्या दिवशी दुपारी मी तुमच्या ओट्यावर अण्णांशेजारी बसलो होतो. गल्लीच्या तोंडाशी वरात आली. लांबच्या कुठल्या गावची पार्टी, तुला ओळखणारं त्यात कोणी नव्हतं. सतरंजी दिसली तसा पुढच्या ताशावाल्यानं हात वर केला आणि बाजा बंद झाला. किश्या, तुझ्यासाठी बंद झाला! ती माणसं समोरून खाली मान घालून गेली, नवरदेवानं घोड्यावरून हात जोडले. मी अण्णांकडे पाहिलं. त्यांच्या पायाचा अंगठा फरशीवर हलत होता. विजेच्या खांबापलीकडे जाऊन पार्टीनं ठोका दिला, आणि तो बरोबर अण्णांच्या अंगठ्यावर पडला.

"अण्णा, किती मात्रा झाल्या?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"मोजत नसत्यात रे," अण्णा म्हणाले. "संगं चालत असत्यात."

मग मी त्यांना सगळं सांगितलं. बटण दाबल्याचंही. तेरावा झाला तसा मी पुन्हा गेलो आणि म्हटलं, किश्याचं राहिलेलं तुम्ही वाजवा. अण्णांनी मान हलवली. "यंदाच्या साऱ्या सुपाऱ्या म्या परत केल्या. वरीसभर ताशाला हात लावनार न्हाई. दुखवट्याच्या घरापुढं आपन थांबतो, अन दुखवट्याच्या घरातच वाजवू?"

काकू, तुझी आई, आतून बाहेर आल्या. इतक्या दिवसांत मी त्यांना पहिल्यांदाच एवढं बोलताना ऐकलं. "दुसऱ्याचं घर असलं की बाहेरच्यानं अंदाज घ्यायचा. हितं घरच आपलं हाये. घराला इचारा की. पोराचं काम राह्यलंय, त्ये वाजवा. कवा वाजवायचं त्ये म्या सांगते."

आणि काल आम्ही वाजवलं! तुझं रेकॉर्डिंग स्पीकरवर लावलं. अण्णा ताशा गळ्यात अडकवून खोलीच्या मधोमध उभे. काकू स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसलेल्या. तुझा ड्रम सुरू झाला तशी खोली हलायला लागली. तू मांडव जवळ आणलास, अण्णांनी डोळे मिटले, नाजियानं "आकडा सांगा" म्हटलं, आणि तू थांबलास.

मी बटणाकडे पाहिलं आणि दोन्ही हात पाठीमागे बांधून घेतले.

बाहेरून एक ऑटो गेला. काकूंच्या बांगड्या वाजल्या. त्यांनी हातातलं फुलपात्र खाली ठेवलं, त्याचाही आवाज आला. अण्णांच्या काठ्या हवेत होत्या आणि जराही थरथरत नव्हत्या. काकू दारातून बाहेर गल्लीकडे बघत होत्या, कोणी जाताना बघावं तशा. मग त्यांनी पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "जाऊ द्या आता पुढं."

अण्णांनी ठोका दिला. किश्या, अरे काय ठोका होता तो! नाजियाचा आवाज फाटला, तो तसाच ठेवलाय. मी कुठले सूर वाजवले ते मला आठवत नाही, पण चुकलो नाही, त्यांच्या संगं गेलो. अण्णा गती वाढवत राहिले, वाढवत राहिले, अगदी तुझ्यासारखे. ताशा संपला तेव्हा ते हसत होते आणि गाल ओले होते. नाजियानं तेव्हाच माझा दंड सोडला.

आज ऑफिसातून आल्यावर मी आठही गाण्यांवरची माझी सगळी दुरुस्ती काढून टाकली. आता तू जसा वाजवलास तसाच आहेस, प्रत्येक गाण्यात मांडवाकडे पळणारा. नववं गाणं प्रोग्रॅममध्ये टाकलं तर त्यानं विचारलं, येथे बराच वेळ आवाज नाही, काढून टाकू का? मी "नाही" दाबलं. नाजिया म्हणते, लोकांना वाटेल मोबाइल बंद पडला. वाटू दे. काकूंचं बोलणं त्यात आलंय, तेही ठेवलंय. मशीनच्या प्रश्नाला आपल्याला सुचलं नव्हतं ते उत्तर त्यांनी दिलं. मशीन ते शिकेल का? तू म्हणाला असतास, शिकेल, चहा पाज. मी तुझ्याशी भांडलो असतो. ते भांडण मला फार हवंय रे.

आणि मला चिडवायला तू आता हमखास विचारशील, इंजिनेर, किती मात्रा झाल्या?

माहीत नाही, किश्या. मी मोजल्या नाहीत.